अठरा सेकंदांत वीस ठोके

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुला फोनवर बोलायला बंदी घातली होती, ती उठून आता तीन महिने झाले, तरी आपण दोघं पत्रंच लिहितोय. मला तर हे फार सोयीचं वाटतं. फोनवर मी संगीतशास्त्राचा विषय काढला की दुसऱ्या वाक्याला तुझं दूध उतू जायचं. पत्रात निदान तुला पान तरी उलटावं लागतं.

दुकान ठीक चाललंय. घड्याळं दुरुस्तीला कमी येतात, सेल बदलायला जास्त. रविवारी सकाळी मागच्या खोलीत गिटारचे चार विद्यार्थी असतात. त्यातल्या एक बँकेत कॅशियर आहेत. त्यांनी परवा एक नवं पॉप गाणं ऐकवलं आणि कसं आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, कसलं आलंय, तेच चार कॉर्ड गोल गोल फिरवतात, आणि शेवटच्या कडव्याला अख्खं गाणं उचलून गिटारचे दोन पडदे वर ठेवतात, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की काहीतरी घडलं. बाईंनी शांतपणे विचारलं, की सरांच्या आवडत्या रॉक गाण्यात किती कॉर्ड असतात. मी तिथल्या तिथे मोजले. तीन निघाले. मग मी सगळ्यांना तारा पुसायला लावलं.

आता मुद्द्याचं. ग्रंथालयाचा जुना हॉल पाडणार आहेत. त्याआधी, वीस एप्रिलला रविवारी दुपारी, तिथे पूर्वी वाजवलेल्या सगळ्या बँडना पंधरा-पंधरा मिनिटं देणार आहेत. ग्रंथपाल स्वतः दुकानात येऊन सांगून गेले. आपल्यालाही बोलावलंय! एकूण कार्यक्रम तीन, एकूण गाणी सात, त्यातलं स्वतःचं एक, आणि तरीही बोलावलंय. आपला बेसवाला तयार आहे. तो आता दातांचा डॉक्टर असल्यामुळे पेशंटचं तोंड उघडं असेपर्यंत बेसच्या ओळी गुणगुणतो, कोणाला तक्रार करता येत नाही.

भाऊजींना तूच विचार. ड्रमला हात लावून त्यांना तीस वर्षं झाली, पण एक्सप्रेस हे नाव काही सुटलं नाही. छापखान्यात दिवसभर यंत्रापाशी एवढा शांत उभा राहणारा माणूस ड्रमवर बसला की वाघ मागे लागल्यासारखा का पळायचा, हे मला अजून उलगडलेलं नाही. कॅसेटवर शेवटच्या कडव्यात तर ते कोणाला आवरत नाहीत. या खेपेला मी स्टॉपवॉच घेऊन समोरच उभा राहणार आहे.

आपली ती एकुलती एक कॅसेट मी दर नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ऐकवतो. तुझा तो शेवटचा वरचा सूर आणि त्याआधी माझा सोलो. एवढा जलद सोलो आपल्या भागात कोणी वाजवला नव्हता, हे मी सांगत नाही, लोक म्हणतात. म्हणजे मी सांगितल्यावर म्हणतात. आणि आपलं गाणं शेवटाकडे कळत न कळत वर सरकत जातं, ते तर कुठल्याच पुस्तकात नाही. मी त्याला सरकती पट्टी असं नाव दिलंय आणि त्यावर अर्धा तास शिकवतो. तुला आठवत असेल, कॅसेट ऐकली त्याच दिवशी मी गिटार आणि बेस दोन्ही तिच्या सुराला लावून घेतले होते, कारण रेकॉर्ड झालं तेच खरं. पुढे तारा तटातट तुटायला लागल्या तेव्हा मी दुकानदाराशी भांडून आलो होतो.

तर हो म्हण. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, गाण्यावरचा थोडा वाढव.

तुझा,
पंडित


दि. ११ मार्च

चि. पंडितास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पानं उलटली. सरकत्या पट्टीपाशी दूध खरंच उतू गेलं, शपथेवर सांगते.

मला बसस्थानकाच्या माइकवरून हलवून चौकशीच्या खिडकीत बसवलंय, ते तुला माहीत आहेच. आवाज आता बोलण्यापुरता ठणठणीत आहे, फक्त खाली उतरलाय. काचेत मी नीट दिसत नाही, त्यामुळे काल एका आजोबांनी मला तीन वेळा साहेब म्हटलं. मीही साहेबासारखंच उत्तर दिलं, म्हणजे शेजारच्या खिडकीत पाठवलं.

गाण्याचं मात्र जमायचं नाही. तू रागावशील म्हणून कारण स्पष्ट लिहिते. मागच्या आठवड्यात घरी कोणी नसताना मी तो सूर लावून पाहिला. तुझ्या भाचीची गिटार घेऊन पडदा पडदा चढत गेले. त्या सुराच्या तीन पडदे अलीकडे आवाज छान येतो, तिथून पुढे नुसता वारा. चौथ्या प्रयत्नाला शेजारीण आली आणि काळजीने विचारायला लागली की आमच्या नळात हवा अडकली आहे का.

तू आता म्हणशील, की गाणं तीन पडदे खाली उतरवू. तू गिटारवाला, तुला काय, बोटं सरकवली की झालं. पण त्या हॉलमध्ये कॅसेट ऐकलेली माणसं येणार. ती त्या सुराची वाट बघत बसतील, आणि मी खालच्या पायरीवरून हात हलवणार. मला ते सोसणार नाही. माझ्या बाबतीत त्या गाण्यात फक्त तो सूरच होता रे. बाकीचं सगळं तुमचं वाजवणं होतं.

ह्यांना विचारलं. म्हणाले, तू गाणार असलीस तर वाजवतो, नाहीतर रविवारी यंत्राला तेल द्यायचं आहे. तू दुसरी गायिका बघ. तुझी भाची गाते, तिला चार कॉर्डही येतात, म्हणजे तुझ्यापेक्षा एक जास्त.

राग धरू नकोस, लोभ मात्र धरून ठेव.

तुझी,
ताई


दि. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा नकार वाचला, नीट घडी करून ठेवला, आणि पाळला नाही. मी गुपचूप गाणं तीन पडदे खाली बसवायला घेतलं. त्यासाठी मूळ पट्टी नक्की करावी म्हणून कॅसेट लावली. या वेळी गाणं सुरू व्हायच्या आधीचा भाग पुढे ढकलला नाही, कारण पुढे ढकलायचं बटण मागच्याच आठवड्यात तुटलं.

गाण्याआधी थोडी शांतता आहे. खुर्ची सरकते, बेसवाला खोकतो, आणि मागे, रेकॉर्डिंग केलं त्या आईच्या शिवणक्लासच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय. ते घड्याळ आता माझ्या दुकानात आहे. सेलवरचं, सेकंदाला एक ठोका, कधी चुकलेलं नाही. हातातलं काम ठेवून मी ऐकत राहिलो, कारण कॅसेटमधलं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ एकमेकांना धरून चालत नव्हतं. कॅसेटमधलं पुढे पळत होतं.

मी स्टॉपवॉच काढलं. अठरा सेकंदांत वीस ठोके. वीस सेकंद लागायला हवेत, अठरा लागले. गाणं संपल्यावर कोणीतरी बटण दाबेपर्यंत पुन्हा टिकटिक ऐकू येते, तिथे तर वीस ठोके सतराच सेकंदांत. मला वाटलं प्लेयर बिघडला. आपल्या दातांच्या डॉक्टरांकडचा आणला, तेच. त्यांच्या सासूबाईंचा आणला, तेच.

ताई, ही कॅसेट जलद आहे. जलद फिरली की सूरही चढतो. सुरुवातीला दोन पडदे, आणि शेवटी, जिथे तुझा सूर आहे तिथे, जवळजवळ तीन. म्हणजे तो सूर तू कधी गायलीच नाहीस. तू त्याच्या तीन पडदे अलीकडचा गायलीस. जो तुला त्या दिवशी, शेजारीण यायच्या आधी, छान लागला तोच. तुझं काही गेलेलं नाही.

मी घड्याळजी आहे. टिकटिक ऐकून पोट भरतो. ती कॅसेट मी पाचशे वेळा तरी ऐकली असेल, आणि तीस वर्षांत स्वतःच्या सोलोपलीकडे मला काही ऐकू आलं नाही. हे पत्र भाऊजींनाही वाचून दाखव.

आता तरी ये. लोभ गाण्याआधीच्या शांततेवरही असू दे.

तुझा,
पंडित


दि. २५ मार्च

चि. पंडितास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं. दुसऱ्यांदा संशय आला.

तुला लहानपणापासून माझी समजूत काढायची झाली की शास्त्र सुचतं. शाळेच्या गायनस्पर्धेत मी पहिल्याच फेरीत बाहेर पडले, तेव्हा परीक्षकांची पेटी अर्ध्या सुराने उतरली होती असं तू मला सिद्ध करून दाखवलं होतंस. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास आणि पेटी कुलपात होती. माझी पहिली पोळी जळली तेव्हा तव्याचा तळ तिरका निघाला होता.

तेव्हा मला एवढंच सांग, कॅसेट जलद का झाली? रेकॉर्डर चांगला होता, बेसवाल्याच्या काकांकडून मागून आणलेला. आदल्या दिवशी मी स्वतः चार नवे जाडे सेल आणून त्याच्याशेजारी ठेवले होते. यंत्र उगाच चुकत नाही, असं तूच गिऱ्हाइकांना सांगतोस. कारण सांगता येत नसेल, तर ही माझ्या गळ्यासाठी रचलेली गोष्ट आहे असं मी समजेन. तुझ्यावर रागवणार नाही. पण येणारही नाही.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. अठरा सेकंदांपाशी ह्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि गॅलरीत झाडांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं. परत आल्यावर काही बोलले नाहीत, पण ते कधी बोलतात!

खरं लिही. लोभ खऱ्यावर जास्त असतो.

तुझी,
ताई


दि. ३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कारण आहे, आणि ते मीच आहे.

त्या खोलीत प्लग एकच होता. तो तुझ्या माइकला दिला. माझ्या गिटारचा छोटा ॲम्प्लिफायर सेलवर, आणि रेकॉर्डरही सेलवर. दोघांनाही तेच चार जाडे सेल लागायचे. तू आणलेले नवे सेल रेकॉर्डरसाठी होते, हे मला पक्कं माहीत होतं. पण माझ्या ॲम्प्लिफायरमधले उतरले होते आणि माझा सोलो मच्छर गुणगुणल्यासारखा येत होता. तुम्ही सगळे पाणी प्यायला बाहेर गेलात तेव्हा मी अदलाबदल केली. नवे सेल माझ्या सोलोला, माझे जुने रेकॉर्डरला. दिवा लागला, फीत फिरली, मला वाटलं निभावलं.

सेल उतरलेले असले की रेकॉर्डर मंद फिरतो, आणि जसजसे आणखी उतरतात तसतसा आणखी मंद. मंद भरलेली फीत चांगल्या प्लेयरवर लावली की जलद वाजते, आणि शेवटाकडे आणखी जलद. हीच ती माझी सरकती पट्टी. अर्धा तास शिकवतो मी ती. आज सकाळी विद्यार्थ्यांना सांगितलं, तर कॅशियरबाईंनी विचारलं की परीक्षेला हा भाग वगळायचा का.

आणि माझा सोलो. तो जलद नव्हताच. आज प्लेयरचा वेग घड्याळाशी जुळेपर्यंत उतरवून ऐकला. एक मुलगा नीट, जपून, शिकवल्याप्रमाणे बोटं ठेवतोय. पुढच्या सरावांना मला तो तसा कधीच जमला नाही, तेव्हा मी थंडीने बोटं आखडली म्हणायचो. सबंध उन्हाळाभर म्हणायचो. अख्ख्या आयुष्यात माझ्याकडे मिरवायला तेवढी एकच गोष्ट होती, ताई, आणि ती चार जुन्या सेलांनी वाजवली होती. तुझी समजूत काढायला मी खोटं बोललो असेन, पण हे असलं कोणी स्वतःबद्दल रचत नाही.

भाऊजीही पळाले नव्हते. त्यांना मी आयुष्यभर एक्सप्रेस म्हटलं. त्यांची माफी कोणत्या तोंडाने मागायची ते तूच सांग.

लोभ उरला असेल तर कळव.

तुझा,
पंडित


दि. ६ एप्रिल

चि. पंडितास,
अ. उ. आ.

विश्वास बसला. सोलोवर पाणी सोडण्याइतकं तुझं माझ्यावर प्रेम असेल, पण तेवढी कल्पनाशक्ती तुझ्याकडे नाही.

दोन दिवस मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. का, ते आता सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. मी बँड का सोडला ते तुला ठाऊक आहे? परीक्षेमुळे नाही. कॅसेट ऐकल्यानंतरच्या पहिल्याच सरावाला मला तो सूर लागला नाही. दुसऱ्या सरावालाही नाही, तिसऱ्यालाही नाही. मला वाटलं, त्या दिवशी एकदाच लागला आणि गेला. एकविसाव्या वर्षी मी ठरवून टाकलं की आपला आवाज संपला. तुम्हाला कळायच्या आत निघून जावं म्हणून परीक्षेचं नाव पुढे केलं. तू मात्र समजलास की मी तुझ्या शिकवण्याला कंटाळले. तेही होतं, पण ते नंतर.

तू गिटार कॅसेटच्या सुराला लावली होतीस. तुझ्या तारा तुटत होत्या आणि तू दुकानदाराशी भांडत होतास. माझा गळाही त्याच ओढाताणीत होता, आणि मी कोणाशीच भांडले नाही. बसस्थानकावर पंचवीस वर्षं माइकवर बोलले, पण गायले नाही. चार सेलांपायी, पंडित! तेही मीच आणलेले.

हे सगळं काल भांडी विसळताना मनात घोळत होतं आणि मला एकदम हसू फुटलं. एकटीच हसत उभी राहिले. ह्यांनी आत येऊन बघितलं आणि परत झाडांना पाणी घालायला गेले. झाडं आता सडणार आहेत.

मी येते. मूळ पट्टीत गाणार, घड्याळाच्या. खाली उतरवलेलं वगैरे कोणाला सांगू नकोस, कारण तसं काही नाहीच. आणि तू नवे सेल आण. यंदा दोन संच.

ह्यांची माफी माग असं मी म्हणणार होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, काही गरज नाही, आधी सराव करू.

आशीर्वाद आहेतच. लोभ तू आपल्या हाताने मिळवायचा.

तुझी,
ताई


दि. २४ एप्रिल

प्रिय पंडितास,
स. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. ही म्हणाली की आता मीही लिहावं, म्हणून लिहितो.

हॉलमधलं रेकॉर्डिंग तुझ्या भाचीने दिलं. दोन वेळा ऐकलं. तुझं घड्याळ तू स्टेजवर टांगलं होतंस, त्यावरून मोजलं. सुरुवातीला आणि शेवटी वेग एकच आहे. फक्त तुझ्या सोलोत तू खरंच पळालास. आम्ही तिघं मागून धावत आलो. हे बोचावं म्हणून लिहीत नाही. टाळ्या चांगल्या पडल्या.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. कॅसेट जलद आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तेव्हा नुकताच छापखान्यात लागलो होतो. दिवसभर यंत्राच्या ठोक्यावर कागद घालायचे, त्यामुळे वेग अंगात बसलेला. आपण सगळे ती पहिल्यांदा ऐकत होतो तेव्हा मला दुसऱ्याच ओळीत कळलं. मी सांगणार होतो. तेवढ्यात तिचा तो सूर आला. तू टेबलावर हात आपटलास, बेसवाला उठून उभा राहिला, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एवढी खूश झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती. वेग उतरवला असता तर तिचा सूरही उतरला असता. म्हणून, ड्रमवर मीच पळालो असं तुम्ही म्हटलंत ते मी कबूल केलं. तेव्हा आमचं लग्न ठरायचं होतं. एक्सप्रेस म्हणवून घेणं मला काही जड गेलं नाही.

तोच सूर तिला गाण्यातून घालवतोय, हे मला माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. तुझं अठरा सेकंदांचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. सहा तारखेला तिने तुला लिहिलेलं पत्र मला वाचायला दिलं, तेव्हा काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही. तेव्हाही मी बोललो नाही, गाणं होऊन जाऊ दे म्हटलं.

कार्यक्रमाहून परत येताना तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हणाली, की तुम्ही दोघांनी माझं गाणं मिळून बुडवलंत, एकाने स्वार्थापायी आणि एकाने प्रेमापायी, आणि मला आता दोघांवर सारखंच रागवावं लागणार. मग म्हणाली, की मीही काही बोलले नाही, तेव्हा तिघांवर.

राग अजून आहे. पण रोज गाते. आज कामावर जायच्या आधी केस विंचरताना तिने तो सूर लावला. स्वच्छ लागला. एरवी मी ऐकून गप्प बसलो असतो. आज आत गेलो आणि छान लागला असं तिला सांगितलं.

लोभ आहेच. आता तो बोलूनही दाखवत जाईन.

तुझा,
भाऊजी